दुधातलं अफ्लाटॉक्सिन आणि ग्राफिनची चिप: एका खोट्या इशाऱ्याचं प्रकरण

गोठ्यात पाच गायी. पाचही गायींना तीच सरकी पेंड आणि तोच मक्याचा भरडा. सकाळच्या धारेचं दूध गायीगणिक वेगळं घेऊन, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष शोधणाऱ्या ग्राफिनच्या (म्हणजे कार्बनच्या पातळ पापुद्र्याच्या) चिपवर तपासलं. चार नमुन्यांना चिप जागची हलली नाही. पाचव्याला मात्र डिरॅक बिंदू (चिपमधला करंट सर्वांत कमी होतो ते व्होल्टेज) ९ मिलिव्होल्टने डावीकडे सरकला आणि नोंदवहीत 'अफ्लाटॉक्सिन सापडलं' असा शेरा पडला. तोच नमुना एचपीएलसीवर, म्हणजे रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर गेल्यावर त्यात मर्यादेच्या जवळपासही काही निघालं नाही.

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयीन प्रयोगशाळेचं आहे. चिप बिघडलेली नव्हती, तिने मोजलेला बदलही खराच होता. फक्त तो अफ्लाटॉक्सिनचा नव्हता. नॅनो सेन्सरचं काम बहुतेक इथेच अडतं. संवेदनशीलता मिळवणं तुलनेने सोपं, पण ती नेमकी कशाबद्दल आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो.

कशाचा शोध चालला होता

पावसाळ्यात दमट गोदामात मका, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड यांवर अस्परजिलस जातीची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी१ तयार करते. जनावराच्या यकृतात त्याचं एम१ होतं आणि साधारण १२ ते २४ तासांत ते दुधात उतरायला लागतं. खाल्लेल्या बी१ पैकी ढोबळमानाने १ ते ३ टक्के एम१ बनून दुधात येतं, जास्त दूध देणाऱ्या गायीत याहून अधिक. दूषित खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. उकळून किंवा पाश्चरायझेशन करून ते जात नाही. भारतात दुधातल्या एम१ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात त्याच्या दहावा हिस्सा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८-१९च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर होते, म्हणजे ५.७ टक्के.

एम१चा रेणुभार ३२८. म्हणजे ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे सुमारे १.५ नॅनोमोलर (लिटरला मोलचा अब्जांश) होतं. १० मायक्रोलिटरच्या थेंबात ते नऊशे कोटींच्या आसपास रेणू होतात. आकडा मोठा वाटतो, पण त्याच थेंबात क्लोराइडचे आयन त्याच्या जवळजवळ दोन कोटी पट असतात. पुढचं सगळं रामायण या एका गुणोत्तरात आहे.

चिप कशी बांधली होती

क्षेत्र-प्रभाव ट्रान्झिस्टर (गेट नावाच्या टोकावरच्या व्होल्टेजने करंट कमीजास्त करणारा) द्रवात बुडवून आयन मोजायची कल्पना पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये मांडली. २००१ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारेवर तीच कल्पना जैविक रेणूंसाठी वापरून दाखवली. इथे तारेऐवजी ग्राफिनचा एक अणू जाडीचा पापुद्रा होता. ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेला सिलिकॉन, त्यावर ग्राफिन, दोन्ही टोकांना ५ नॅनोमीटर क्रोमियमवर ५० नॅनोमीटर सोनं, आणि सोन्यावर एसयू-८ या टणक पॉलिमरचं आवरण. उघडं राहतं ते फक्त मधलं ग्राफिन. हे आवरण नीट नसेल तर सोन्यातून थेट द्रवात करंट गळतो. गळती १ नॅनोअँपिअरच्या वर गेली तर ती चिप बाजूला ठेवायची, आकडेमोड करून तिला वाचवायच्या भानगडीत पडू नये.

अशी चिप सांगलीत बनत नाही आणि बनवायची गरजही नाही. केंद्र सरकारच्या इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅममधून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली किंवा आयआयटी मुंबईतली धूळमुक्त स्वच्छ खोली बाहेरच्या महाविद्यालयांनाही वापरता येते. इथल्या प्रयोगशाळेत होतं ते पृष्ठभागाचं रसायन, आणि चुकाही तिथेच होतात.

ग्राफिनला कोणताही रेणू नेमका धरता येत नाही, ते काम अ‍ॅप्टामर करतो. अ‍ॅप्टामर म्हणजे ठरावीक रेणूभोवती घडी घालणारा डीएनएचा छोटा धागा. तो बसवायला मधे पायरीनचा एस्टर लागतो. याचं एक टोक ग्राफिनला चिकटतं, दुसरं अ‍ॅप्टामरच्या अमाइन (नायट्रोजनयुक्त) टोकाशी बंध जोडतं. १ मिलिलिटर डीएमएफ या द्रावकात १.९ मिलिग्रॅम एस्टर घेतला की ५ मिलिमोलर द्रावण होतं. चिप त्यात तासभर ठेवायची, मग डीएमएफ, इथेनॉल आणि पाणी या क्रमाने धुवायची. आवरण एसयू-८ऐवजी साध्या फोटोरेझिस्टचं असेल तर डीएमएफ ते विरघळवून टाकतं, तिथे मिथेनॉल घ्यावं.

हा एस्टर पाण्याचा वैरी. सामू ७ आणि शून्य अंश तापमानाला तो चार-पाच तासांत निम्मा मरतो, सामू ८.६ला ४ अंशावरही दहा मिनिटांत. जुलैच्या हवेत फ्रीझरमधली बाटली काढली आणि गार असतानाच झाकण उघडलं, की आत बाष्प धरलंच. पावडर दिसायला तशीच राहते, जोडणी मात्र होत नाही. बाटली डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं आणि एकेका वेळेपुरत्या छोट्या कुप्या भरून ठेवायच्या. दुसरी नेहमीची चूक ट्रिस बफरची. ट्रिसमध्येच अमाइन असतं, ते अ‍ॅप्टामरच्या आधी एस्टर खाऊन टाकतं. इथे फॉस्फेट बफरच हवा.

१ मायक्रोमोलर अ‍ॅप्टामर ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवून सावकाश गार करायचा, मग थेंब चिपवर ठेवून ओलसर बंद डबीत दोन ते चार तास. उघड्यावर ठेवलात तर एप्रिलमध्ये थेंब वाळून मिठाचे कण राहतात. नंतर १०० मिलिमोलर इथेनॉलअमाइनने उरलेला एस्टर संपवायचा आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाने मोकळ्या ग्राफिनवर प्रथिनं चिकटणं कमी करायचं. प्रत्येक पायरीनंतर वक्र काढून ठेवावा. नंतर भांडण लागलं की तोच साक्षीला येतो.

वक्र म्हणजे गेट व्होल्टेज बदलत ग्राफिनमधला करंट मोजणं. ड्रेनला (करंट वाहतो त्या टोकाला) ५० मिलिव्होल्ट, करंट साधारण २५ मायक्रोअँपिअर. एका व्होल्टेजला करंट सर्वांत कमी होतो, तो डिरॅक बिंदू. तळाभोवतीच्या बिंदूंतून परवलय जुळवलं की तो मिलिव्होल्टच्या अंशापर्यंत पकडता येतो. दोन्ही दिशांनी फिरवून पाहावं. जाताना आणि येताना बिंदू वेगळे पडत असतील तर पृष्ठभाग अजून स्थिरावलेला नाही.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्यायला हवी. अफ्लाटॉक्सिनवर विद्युतभार नाही. म्हणजे ग्राफिनला ते थेट 'दिसत' नाही. दिसतो तो अ‍ॅप्टामरच्या कण्यावरचा ऋणभार, घडी बदलताना जवळ किंवा लांब जाणारा. या गटाच्या अ‍ॅप्टामरमध्ये तो लांब जात होता आणि डिरॅक बिंदू डावीकडे सरकत होता. बफरमध्ये भरपूर एम१ घालून संपृक्त झाल्यावर एकूण सरक ४० मिलिव्होल्ट.

पाचवी गाय

दुधात आयनांची गर्दी इतकी की विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम एका नॅनोमीटरपर्यंत पोचतो. याला डेबाय अंतर म्हणतात. अ‍ॅप्टामरची हालचाल दोन-तीन नॅनोमीटरची, त्यामुळे ती झाकली जाते. म्हणून गटाने साय काढलेलं दूध दहापट पातळ केलं, तेही थोडं मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या शुद्ध पाण्याने. त्याने डेबाय अंतर ३ नॅनोमीटरपर्यंत वाढलं. गेटसाठी क्लोराइड चढवलेली चांदीची तार थेट थेंबात बुडवली. काचेचा संदर्भ इलेक्ट्रोड १० मायक्रोलिटरच्या थेंबात मावत नाही, त्याच्या छिद्रात केसीन हे दुधातलं प्रथिन अडकतं आणि आतलं पोटॅशियम क्लोराइड थेंबात झिरपतं, तेव्हा तारेची निवड समजण्यासारखी होती.

आता ९ मिलिव्होल्टचा हिशोब उलटा करून पाहू. ४० पैकी ९ म्हणजे साडेबावीस टक्के अ‍ॅप्टामर भरले. अ‍ॅप्टामरचा वियोजन स्थिरांक (ज्या सांद्रतेला निम्मे अ‍ॅप्टामर भरतात ती) १० नॅनोमोलर धरला तर पातळ दुधात २.९, म्हणजे मूळ दुधात २९ नॅनोमोलर एम१ हवं. लिटरला साडेनऊ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या एकोणीस पट! दहा लिटर दूध देणाऱ्या आणि पाच किलो खुराक खाणाऱ्या गायीच्या दुधात एवढं यायचं तर २ टक्के उतारा धरून खुराकात किलोला ९५० मायक्रोग्रॅम बी१ लागेल. आणि तोच खुराक खाणाऱ्या शेजारच्या चार गायी स्वच्छ? अफ्लाटॉक्सिन खाद्यातून येतं, ते गोठ्याचं दुखणं असतं. एकटीच गाय निघाली तर आधी गायीकडे बघावं. कोणताही दूध संकलक हे सहज सांगेल, पण त्याला विचारलं कोणी नव्हतं.

गायीला सुप्त कासदाह होता. कास सुजलेली नव्हती, दुधात गाठी नव्हत्या, पण सीएमटी या कासदाहाच्या चाचणीच्या वाटीत दूध घट्ट झालं. कासदाहात रक्त आणि दूध यांच्यातली पेशींची भिंत सैल होते, सोडियम आणि क्लोराइड दुधात उतरतात, सामूही थोडा वर जातो. दगडी झालेल्या जनावराचं दूध खारट लागतं ते यामुळेच. चांगल्या दुधात क्लोराइड २८ मिलिमोलरच्या आसपास असतं, कासदाहात ४० किंवा त्याहून जास्त होऊ शकतं.

आणि क्लोराइड चढवलेली चांदीची तार ही क्लोराइडचाच सेन्सर आहे. क्लोराइडची सांद्रता दहापट वाढली की तारेचं विभव (व्होल्टेज) ५९ मिलिव्होल्टने बदलतं. २८ वरून ४० म्हणजे ५९ गुणिले ०.१५५, उत्तर ९ मिलिव्होल्ट. दिशाही डावीच.

पातळ करूनही हे का गेलं नाही? कारण विभव लॉगरिदमवर चालतं आणि लॉगरिदमला फक्त गुणोत्तर कळतं. २८ आणि ४०चं दहापट पाण्याने २.८ आणि ४ झालं तरी गुणोत्तर तेच. पाण्याने शंभरपट पातळ केलं असतं तरी ही तफावत हलली नसती, एम१ मात्र शंभरपट कमी झालं असतं.

पडताळणी स्वस्तात झाली. पहिल्या गायीच्या स्वच्छ दुधात लिटरला ०.७ ग्रॅम साधं मीठ घातलं, म्हणजे १२ मिलिमोलर. डिरॅक बिंदू तेवढाच डावीकडे. मग अ‍ॅप्टामर न बसवलेल्या उघड्या ग्राफिनवर पाचव्या गायीचं दूध ठेवलं. तिथेही सरक तीच. ज्या चिपवर अ‍ॅप्टामरच नाही तीही 'अफ्लाटॉक्सिन' दाखवत असेल, तर वाद संपला.

काय बदललं

पहिला बदल पातळ करायच्या द्रावणात. पाण्यात १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घातलं. नऊ भाग हे द्रावण आणि एक भाग दूध म्हटलं की चांगल्या दुधाचं क्लोराइड ११.८ आणि कासदाहाच्या दुधाचं १३ मिलिमोलर होतं. तफावत ९ वरून अडीच मिलिव्होल्टवर येते. किंमत म्हणून डेबाय अंतर ३ वरून २.२ नॅनोमीटर होतं. मीठ आणखी वाढवलं तर तफावत घटते, पण अ‍ॅप्टामरचा खरा संकेतही झाकला जायला लागतो. १० मिलिमोलरच्या फार पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. चिपवर चार वाहिन्या होत्या आणि चारही वाहिन्यांवर एकच अ‍ॅप्टामर होता. आता दोनवर तो आणि दोनवर त्याच अक्षरांचा, पण क्रम विस्कटलेला धागा. लांबी तीच, ऋणभार तोच, फक्त एम१ धरता येत नाही. संदर्भ तारेचा सरक, सामू, तापमान, चिकटलेलं केसीन या सगळ्यांचा परिणाम दोन्हींवर जवळपास सारखा होतो. वजा केल्यावर उरतं ते एम१.

वजाबाकी करायची ती मिलिव्होल्टमध्ये, करंटमध्ये नाही. एका वाहिनीचा उतार मिलिव्होल्टला ०.०५ मायक्रोअँपिअर आणि दुसरीचा ०.०४ असेल, तर तोच ९ मिलिव्होल्टचा सरक करंटमध्ये ०.४५ आणि ०.३६ दिसतो. राहिलेले ०.०९ मायक्रोअँपिअर म्हणजे पुन्हा जवळपास दोन मिलिव्होल्टचं भूत. ग्राफिनच्या कोणत्याही दोन वाहिन्या एकसारख्या नसतात.

तिसरा मुद्दा कटू आहे. हे सगळं दुरुस्त करूनही चिप मर्यादेवरचं एम१ पकडेल का? ०.५ मायक्रोग्रॅमचं दूध दहापट पातळ केल्यावर ०.१५ नॅनोमोलर उरतं. १० नॅनोमोलरच्या अ‍ॅप्टामरमध्ये त्याने दीड टक्का जागा भरतात, म्हणजे ४० पैकी ०.६ मिलिव्होल्ट. प्रयोगशाळेत शांतपणे मोजला तर पकडता येतो, संकलन केंद्रावर अजिबात नाही. बफरमधल्या फेम्टोमोलरच्या (नॅनोमोलरच्या दहा लाखाव्या भागाच्या) दाव्यांकडे बघताना हा भागाकार आधी करून पाहावा.

उपाय म्हणजे एम१ गोळा करून घेणं. १० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात एम१ला धरणारं प्रतिद्रव्य लावलेले चुंबकी मणी १५ मिनिटं फिरवायचे, चुंबकाने ओढून दोनदा बफरने धुवायचे आणि २०० मायक्रोलिटर मिथेनॉलमध्ये एम१ सोडवायचं. हे पन्नासपट झालं. ते बफरने दहापट पातळ केलं की मिथेनॉल १० टक्क्यांवर येतं आणि एम१ मूळ दुधाच्या पाचपट राहतं, सगळं सुटलं असं धरून ७.६ नॅनोमोलर. अ‍ॅप्टामर ४३ टक्के भरतात, सरक १७ मिलिव्होल्ट. युरोपच्या मर्यादेलाही पावणेतीन मिलिव्होल्टच्या आसपास मिळतात. दूध धुऊन गेल्यामुळे क्लोराइडचा प्रश्नही उरत नाही. तरी विस्कटलेल्या धाग्याची वाहिनी काढू नये, मणी नीट धुतले गेले नाहीत हे तिच्याशिवाय कळणार नाही.

कोरा (एम१ नसलेला) नमुना नीट करावा लागतो. त्यातही १० टक्के मिथेनॉल हवं, नाहीतर मोजला जाईल तो द्रावकाचा फरक. बाजारात मिळणारं प्रमाणित एम१ बहुधा ॲसिटोनायट्राइलमध्ये असतं, तिथेही हाच नियम. ते तपकिरी कुपीत ठेवावं, आणि पाण्यातलं पातळ द्रावण साध्या काचेत साठवू नये, भिंतीला चिकटून सांद्रता घसरते. सांडलेलं आणि उरलेलं सोडियम हायपोक्लोराइटने निष्प्रभ करावं. हे कर्करोगकारक आहे, हातमोज्यांवर काटकसर नको.

दुधात एम१ घालून परत किती मिळतं हे तपासताना घाई होते. एम१ केसीनला धरून बसतं, पण त्याला वेळ लागतो. घातल्या घातल्या मोजलं तर उत्तर फसवं चांगलं येतं. दूध ४ अंशांवर रात्रभर ठेवून मग मोजावं.

केंद्रावरच्या कटकटी

बल्क कूलरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वक्रावर काटे उठतात. चिपचं सर्किट बॅटरीवर चालवून आणि प्रत्येक वाचन २०० मिलिसेकंदांचं, म्हणजे ५० हर्ट्झची बरोबर दहा आवर्तनं धरून, सरासरीने घेतलं की बराचसा गोंगाट जातो. १५० किंवा १७० मिलिसेकंद घेऊन चालत नाही, पूर्ण आवर्तनंच हवीत. कॅनमधलं ताजं दूध कोमट आणि कूलरमधलं ४ अंशांचं, म्हणून सगळे नमुने आधी एका तापमानाला आणावेत.

थेंब ठेवून लगेच वाचलं तर कमी दिसतं. एक मिलिमीटर उंचीच्या स्थिर थेंबातून एम१एवढा रेणू तळाशी पोचायला पंधरा-सतरा मिनिटं लागतात. छोट्या पंपाने द्रव चिपवरून वाहता ठेवला तर ही वाट बघणी खूप कमी होते. आणि सुरुवातीला बफरमध्ये बिंदू मिनिटाला ०.१ मिलिव्होल्टपेक्षा जास्त सरकत असेल तर नमुना ठेवूच नये.

एवढा खटाटोप प्रत्येक केंद्रावर करायचा का? नुसतं हो-नाही हवं असेल तर बाजारातली तपासणीची पट्टी पुरते आणि ती स्वस्तही आहे, तिथे ग्राफिनचा हट्ट धरू नये. चिपचा उपयोग टँकर भरण्याआधी, जिथे आकडा हवा आणि तो युरोपच्या मर्यादेइतका खाली हवा. चिपने इशारा दिलेला नमुना एचपीएलसीवर पडताळल्याशिवाय शेतकऱ्याचं दूध नाकारायचं नाही. कासदाह असलेल्या गायीचं दूध अफ्लाटॉक्सिनच्या नावाखाली परत गेलं तर पेंड बदलण्यात पैसे जातील आणि गायीवर उपचार मात्र होणार नाहीत.

म्हशीच्या दुधासाठी हेच मापन जसंच्या तसं वापरता येत नाही. त्यात साय आणि केसीन दोन्ही जास्त, त्यामुळे एम१ मण्यांकडे यायला वेळ लागतो. फिरवायची वेळ वाढवून अंशांकनाचा (किती एम१ला किती सरक, हे दाखवणारा) वक्र म्हशीच्या दुधातच नव्याने काढावा लागतो. मिश्र दुधाच्या कॅनसाठी तर गाय आणि म्हैस, दोन्हींचे वक्र हाताशी ठेवून त्यातला कमी सरक दाखवणारा धरावा, म्हणजे दूषित दूध हिशोबातून निसटत नाही.